केडगावचे मुक्तिसदन : एका समर्पणाचा इतिहास

पुण्याहून सोलापूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, दौंड जंक्शन येण्यापूर्वी, केडगाव नावाचे एक लहानसे स्थानक लागते. आणि त्या स्थानकाच्या परिसरात, पावसाच्या भरवशावर जगणाऱ्या एका कोरड्या मुलखात, पंडिता रमाबाईंनी उभारलेली संस्था आजही नांदती आहे. संस्थांचे इतिहास लिहिताना कोनशिला, विश्वस्तांची नावे, जमाखर्चाचे ताळेबंद आणि सालांची क्रमवारी ह्यांनी पाने भरून काढण्याची वहिवाट आहे, आणि ती सर्वस्वी निरुपयोगी आहे असे नाही. परंतु मुक्तिसदनाचा इतिहास त्या चाकोरीतून लिहू गेल्यास त्याचे मर्मच हातातून निसटते. ही संस्था ज्या प्रश्नातून जन्मली तो दप्तराचा प्रश्न नव्हता. मनुष्याने आपले सर्वस्व परमेश्वराच्या हाती सोपविले असे म्हणावयाचे, तर त्या सर्वस्वात विद्या, कीर्ती, स्नेहीजनांचा विश्वास, उद्याच्या अन्नाची निश्चिती आणि पोटचे लेकरू ह्यांपैकी काय काय मोडते, हा तो प्रश्न. आणि पंडिताबाईंनी त्याचे उत्तर एका दिवसात, एका व्याख्यानात दिले नाही, तर ते चाळीस वर्षांच्या नित्यक्रमातून दिले.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या रानातील गंगामूळ येथे झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे ह्यांनी आपल्या पत्नीस, लक्ष्मीबाईंस, संस्कृत शिकविले म्हणून त्यांना शास्त्रीमंडळींचा रोष पत्करावा लागला. आणि पुढे त्याच मातेने भल्या पहाटे मांडीवर घेऊन मुलीकडून भागवताचे श्लोक पाठ करून घेतले. तीर्थामागून तीर्थ करीत आणि पुराणे सांगत हे कुटुंब दक्षिणोत्तर फिरले. मात्र मद्रास इलाख्यात पडलेल्या भीषण दुष्काळात वडील, आई आणि थोरली बहीण अशी तिघे काही महिन्यांच्या अंतराने गेली. मागे राहिलेल्या बहीणभावांनी हजारो मैलांची वाट पायी तुडविली. कडाक्याच्या थंडीत झेलम नदीच्या काठी पांघरूण नव्हते, तेव्हा रमाबाई आणि त्यांचे बंधू श्रीनिवासशास्त्री ह्यांनी वाळूत अंगाएवढे दोन खड्डे खणले, त्यात निजून डोके तेवढे बाहेर ठेवून कोरडी वाळू अंगावर ओढून घेतली, आणि अशा प्रकारे रात्र काढली. ही हकीकत पंडिताबाईंनी स्वतः लिहून ठेवली आहे, आणि संस्थेच्या इतिहासात तिला जागा देणे अवश्य आहे. कारण पुढे दुष्काळाने पोळलेल्या शेकडो मुलींना ज्या बाईंनी आश्रय दिला, त्यांना भुकेची आणि थंडीची ओळख अहवालातून झालेली नव्हती.

१८७८ साली कलकत्त्याच्या विद्वज्जनांनी ह्या तरुणीस ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ ह्या पदव्या दिल्या. त्यानंतरची चार-पाच वर्षे म्हणजे एकामागून एक आघात आणि एकामागून एक प्रस्थान. १८८० मध्ये बंधू निवर्तले. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी ह्यांच्याशी नोंदणी पद्धतीने विवाह झाला. १८८१ मध्ये कन्या मनोरमा जन्मास आली. आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीच्या आजाराने पतीही गेले. पुण्यास येऊन त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला, हंटर कमिशनपुढे स्त्रीशिक्षणाविषयी निर्भीड साक्ष दिली, आणि १८८३ मध्ये इंग्लंडला प्रयाण केले. तेथे वाँटेज गावी, संत मेरीच्या भगिनीमंडळाच्या आश्रयास असता, २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. त्यांना ख्रिस्ती धर्माकडे ओढणारी गोष्ट कोणती, हे त्यांच्या लेखनातून स्पष्ट दिसते. त्या भगिनी समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांची सेवा ज्या प्रेमाने करीत होत्या, ते पाहून रमाबाईंच्या अंतःकरणात प्रथम हा विचार उद्भवला की, पतितेसही माणूस म्हणून उचलून घेणारी ही वृत्ती कोठून येते ह्याचा शोध घेतला पाहिजे. तत्त्वविचाराचे मंथन मागाहून झाले; आधी दिसली ती सेवा.

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशी ह्यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेस गेल्या, आणि तेथेच त्यांनी हिंदू विधवांच्या स्थितीवर इंग्रजीत ग्रंथ लिहिला. तो १८८७ साली प्रसिद्ध झाला. त्याच वर्षाच्या अखेरीस बॉस्टन येथे रमाबाई असोसिएशन स्थापन होऊन त्या मंडळाने दहा वर्षेपर्यंत खर्चाची हमी घेतली. ह्या हमीच्या बळावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत, चौपाटीच्या बाजूस, शारदा सदन उघडले. संस्था धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील, मुलींना आपापल्या जातीचे आचार पाळण्याची पूर्ण मोकळीक असेल, आणि कोणावरही धर्मशिक्षण लादले जाणार नाही, अशी तिची घटना होती. अगदी आरंभीच्या विद्यार्थिनींत गोदूबाई ही बालविधवा होती. तिचे बंधू नरहरपंत जोशी ह्यांनी तिला तेथे आणून ठेवले. ह्याच गोदूबाईंशी धोंडो केशव कर्वे ह्यांनी मार्च १८९३ मध्ये पुनर्विवाह केला, आणि कर्व्यांच्या हिंगण्यातील पुढील स्त्रीशिक्षणकार्याचा एक झरा अशा रीतीने शारदा सदनातून वाहत गेला. महाराष्ट्रातील स्त्रीशिक्षणाचा इतिहास लिहिणारे पुष्कळदा ही दोन कार्ये निरनिराळ्या प्रकरणांत ठेवतात. ती एका प्रकरणात यावयास हवीत, असे आमचे स्पष्ट मत आहे.

नोव्हेंबर १८९० मध्ये सदन पुण्यास आले. येथवरचा इतिहास कर्तृत्वाचा आहे. यापुढे समर्पणाचा इतिहास सुरू होतो, आणि त्याचा आरंभ कोणत्याही समारंभाने झालेला नाही. १८९१ च्या सुमारास हॅझलम नावाच्या एका इंग्रज पाळकाचे आत्मवृत्त पंडिताबाईंच्या वाचनात आले. धर्मोपदेशकाचे काम वर्षानुवर्षे करून आपला स्वतःचा उद्धार झालेलाच नव्हता, असे त्या पाळकास एके दिवशी उमगले होते. ते वाचून बाईंनी स्वतःस तोच प्रश्न विचारला. बाप्तिस्मा घेऊन आठ वर्षे झाली होती, बायबलाचे अध्ययन चालू होते, परोपकाराचे काम तर दिवसरात्र चालू होते. तरीही आपण ख्रिस्ताचा धर्म तेवढा स्वीकारला, प्रत्यक्ष ख्रिस्ताला नाही, अशी प्रांजळ कबुली त्यांनी ‘माझी साक्ष’ ह्या लेखात दिली आहे. ज्या स्त्रीच्या पांडित्यापुढे दोन खंडांतील विद्वान नतमस्तक झाले होते, तिने आपल्या पांडित्याचा आधार सोडून देऊन केवळ प्रभूच्या दयेवर विसंबावे, ह्यात जे धैर्य आहे ते विलायतेस जाण्याच्या धैर्याहून कमी नाही. पुढे केडगावी जे जे घडले त्याचे बीज ह्या वर्षांत आहे.

ह्या अंतःकरणपरिवर्तनाचा परिणाम दोन वर्षांच्या आत उघड्यावर आला. पंडिताबाई रोज सकाळी आपल्या खोलीत मनोरमेला जवळ घेऊन पवित्र शास्त्र वाचीत आणि प्रार्थना करीत. खोलीचे दार उघडे असे, आणि सदनातील काही मुली आपखुशीने येऊन बसत. बोलावणे नव्हते, मज्जावही नव्हता. हळूहळू ही गोष्ट शहरात पसरली, ‘केसरी’ने कठोर टीका केली, आणि १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर इत्यादी सल्लागार मंडळींनी राजीनामे दिले. अनेक पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या. पंडिताबाईंचे म्हणणे असे होते की, ज्याप्रमाणे प्रत्येक मुलीस आपला धर्म पाळण्याची मोकळीक ह्या घरात आहे, त्याचप्रमाणे ती मलाही आहे, आणि प्रार्थनेच्या वेळी मी माझे दार लावून घेणार नाही. रानडे आणि भांडारकर ह्यांनी पालकांना शब्द दिलेला होता आणि त्या शब्दाची जबाबदारी त्यांना जाणवत होती, हे लक्षात घेता त्यांच्या राजीनाम्याला दूषण देणे अन्यायाचे होईल. परंतु बाईंची बाजू तोलताना एक गोष्ट विसरता कामा नये, ती अशी की, ते दार लावून घेतले असते तर त्यांचे मित्र, त्यांची लोकप्रियता आणि सदनाची पटसंख्या ही तिन्ही शाबूत राहिली असती. श्रद्धा खासगी आणि काम सार्वजनिक अशी वाटणी करून घेण्याचा सोपा मार्ग समोर असता त्यांनी तो नाकारला. आमच्या मते संस्थेच्या इतिहासातील ही सर्वांत निर्णायक घटना होय. कारण त्या दिवसापासून तिचे काम आणि तिची उपासना ह्यांच्यात आडपडदा राहिला नाही.

पुढे लोणावळ्यास ख्रिस्ती मंडळींचा एक उपासना-मेळावा भरला होता. त्यास पंडिताबाई आपल्या पंधरा मुलींसह गेल्या. एके दिवशी पहाटे उठून त्या सूर्योदय पाहण्यासाठी रानात गेल्या, आणि तेथे त्यांनी अशी प्रार्थना केली की, ह्या पंधरांची संख्या पंधरापट व्हावी. पंधरापट म्हणजे सव्वादोनशे. त्या वेळी सदनात मुळात इतक्या मुली राहण्याची सोयही नव्हती, आणि त्यांनी स्वतःच लिहिले आहे की ही मागणी आपल्यालाच धाडसाची वाटली. आलेले उत्तर मात्र त्यांनी कल्पिलेल्या रूपात आले नाही. ते दुष्काळाच्या रूपात आले.

केडगावची शंभर एकर जमीन ह्यापूर्वीच खरेदी झाली होती. बॉस्टनच्या मंडळाने घेतलेली हमी दहा वर्षांनी संपणार, तेव्हा सदनास स्वतःचे उत्पन्न असावे म्हणून तेथे फळबाग करावी, एवढाच त्या खरेदीमागील हेतू होता. इतक्यात १८९६-९७ चा दुष्काळ पडला. मध्य प्रांतातील दुष्काळी छावण्यांत अनाथ मुलींची आणि तरुण विधवांची जी विटंबना चालली होती तिच्या वार्ता कानी आल्या, आणि वाळूच्या खड्ड्यातील ती रात्र विसरणे ज्यांना शक्य नव्हते त्या पंडिताबाई स्वतः त्या प्रांतात गेल्या. सुमारे तीनशे जणींना त्यांनी परत आणण्याचा निश्चय केला तेव्हा त्यांच्या हाती तेवढ्या जणींना पोसण्याइतका पैसा नव्हता. हिशेब मांडून मग माणसे स्वीकारण्याची संस्थांची जी रास्त रीत असते तिच्या हे नेमके उलट होते, आणि असे वागण्याची मुभा सर्वांना आहे असेही आम्ही म्हणत नाही. ज्यांची प्रार्थना रोजच्या भाकरीइतकी प्रत्यक्ष असते त्यांनाच ते साधते.

त्याच सुमारास पुण्यात ग्रंथिक सन्निपाताची, म्हणजे प्लेगची, साथ भडकली, आणि नव्या मुलींना शहरात ठेवण्यास सरकारी अंमलदारांची मनाई झाली. तेव्हा फळबागेसाठी घेतलेल्या जमिनीवर तंबू ठोकून आणि गवताच्या झोपड्या उभारून त्या मुलींना तेथे नेण्यात आले. फळबाग मागे पडली आणि माणसांची वस्ती उभी राहिली. ह्या धावपळीतच, आपल्या सदनातील एका मुलीच्या बाबतीत प्लेगच्या सरकारी व्यवस्थेत घडलेल्या प्रकाराविरुद्ध पंडिताबाईंनी मे १८९७ मध्ये ‘बॉम्बे गार्डियन’ पत्रात उघड तक्रार छापली, आणि ते प्रकरण विलायतेच्या पार्लमेंटापर्यंत गेले. ख्रिस्ती झालेली स्त्री म्हणजे सरकारची मिंधी, अशी समजूत ज्यांची त्या काळी होती, आणि ज्यांची आजही आहे, त्यांनी हे पत्र अवश्य ध्यानात घ्यावे. त्यांची निष्ठा एकाच ठिकाणी वाहिलेली होती. म्हणूनच पुण्याच्या सनातन्यांपुढे त्या जितक्या निर्भय होत्या तितक्याच गव्हर्नरापुढेही होत्या.

२४ सप्टेंबर १८९८ ही मुक्तिसदनाच्या कोनशिलेची तारीख होय. त्याच वर्षी पंडिताबाई पुन्हा अमेरिकेस जाऊन आल्या. जुन्या असोसिएशनची मुदत संपून नवी उभी राहिली, आणि शारदा सदनास तिचे साहाय्य पुढेही मिळत राहिले. परंतु दुष्काळाने आणून सोडलेल्या ह्या विशाल कुटुंबासाठी कोणाचीही ठराविक हमी नव्हती. ब्रिस्टल येथे हजारो अनाथांना केवळ प्रार्थनेच्या आधारावर सांभाळणारे जॉर्ज म्यूलर आणि चीनमधील अंतर्भागाच्या मिशनचे हडसन टेलर ह्यांची चरित्रे बाईंनी मनःपूर्वक वाचली होती, आणि आपल्या देशातही देव तसाच जिवंत आहे की नाही हे प्रत्यक्ष पाहावयाचे त्यांनी ठरविले. १८९९-१९०० मध्ये गुजरात, काठेवाड आणि राजपुताना ह्या प्रदेशांत पुन्हा दुष्काळ पडला. ह्या खेपेस मुक्तीतच वाढलेल्या स्त्रिया नव्या मुलींना आणण्यासाठी पुढे झाल्या, आणि केडगावची वस्ती सुमारे दोन हजारांपर्यंत गेली. एवढ्या लोकांस पाणी पाजावयाचे तर विहिरी हव्यात, आणि अवर्षणात विहिरींना पाणी लागेलच ह्याची खात्री कोणी द्यावी? खोदकाम आणि प्रार्थना ही दोन्ही बरोबरच चालली.

मुक्तीचा रोजचा दिवस कसा असे, हे सांगितल्याखेरीज ह्या इतिहासाला पूर्णता येणार नाही. पहाटेची उपासना आटोपली की कोणी जात्यावर, कोणी चुलीपाशी, कोणी गोठ्यात, कोणी शेतात. कोणी मागावर लुगडी विणीत, कोणी घाण्यावर तेल काढीत, कोणी टोपल्या आणि दोर वळीत, कोणी धुण्याच्या घाटावर. दुपारी शाळा. आजाऱ्यांची शुश्रूषा धडधाकट मुलींकडे. वृद्ध आणि असहाय स्त्रियांसाठी प्रीती सदन होते, फसविल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन होते, मुलग्यांसाठी सदानंद सदन होते, आणि अंध भगिनींसाठी स्वतंत्र व्यवस्था होती. ब्रेल लिपी शिकून येऊन त्या भगिनींना वाचावयास लावणाऱ्या मनोरमाबाई होत. मनोरमाबाईंविषयी येथे दोन शब्द अधिक लिहिले पाहिजेत. पंडितेची एकुलती एक कन्या, इंग्लंड-अमेरिकेत शिक्षण झालेली, कोणत्याही मोठ्या शहरात मानाचे स्थान मिळविण्यास समर्थ. पण तिने सारे तारुण्य शारदा सदनाच्या शाळेत आणि त्या अंध मुलींच्या बोटांशी घालविले. आईच्या तेजापुढे मुलीचे चरित्र झाकोळून गेले आहे, आणि ते कोणीतरी विस्ताराने लिहावयास हवे.

१९०५ मध्ये मुक्तीत जी आत्मिक जागृती झाली तिचा गाजावाजा देशोदेशी झाला. वर्षाच्या आरंभापासून प्रार्थनेसाठी मुलींचे लहान गट रोज पहाटे जमत होते. जूनअखेरीस ह्या प्रार्थनेला असे भरते आले की मुली आपापली पापे उघड कबूल करून रडत, शेकडो कंठ एकाच वेळी प्रार्थना करीत, आणि तासन् तास उपासना थांबत नसे. मिनी अब्राम्स ह्या अमेरिकन भगिनीने त्याचा वृत्तान्त लिहिला. बाहेरून पाहणाऱ्यांस हा प्रकार अपरिचित वाटला, काहींनी त्यावर टीकाही केली. पंडिताबाईंचे धोरण ह्या बाबतीत मोठे समतोल दिसते. पाश्चात्त्य उपासनेची शिस्त आपल्या लोकांवर लादण्याचे कारण नाही, हिंदी माणसाच्या भक्तीला तिच्या स्वतःच्या स्वरूपात वाहू द्यावे, असे त्यांचे म्हणणे होते. आमच्या दृष्टीने त्या जागृतीचे खरे फळ रात्रीच्या अश्रूंत नव्हते. त्यानंतर शेकडो मुली तुकड्या-तुकड्यांनी आसपासच्या खेड्यापाड्यांत सुवार्ता सांगण्यास जाऊ लागल्या, ज्यांचे एकमेकींशी वैर होते त्यांनी एकमेकींची क्षमा मागितली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी घाणा, माग आणि चूल ही नेहमीच्या वेळेस सुरू झाली. 

आता ज्या कामात पंडिताबाईंनी आपले उर्वरित आयुष्य वेचले त्याकडे वळू. मराठीत पवित्र शास्त्र त्यापूर्वीही होते. बंगालमधील श्रीरामपूरच्या विल्यम केरींनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच मराठी नवा करार छापला होता, आणि मुंबईतील अमेरिकन मराठी मिशनने व बायबल सोसायटीने त्यानंतर अनेक आवृत्त्या सिद्ध केल्या होत्या. परंतु ती भाषा विद्वानांच्या वळणाची, आणि केडगावच्या पटांगणात समोर बसलेली श्रोतृमंडळी म्हणजे कालपरवापर्यंत अक्षर न ओळखणारी कुणब्याची, चांभाराची, भिल्लाची पोर. तिला ऐकून अर्थ लागला पाहिजे, ह्या एका हेतूने, संस्कृत ज्यांच्या जिभेवर खेळत असे त्या पंडितेने संस्कृतप्रचुर भाषेचा मोह बाजूस ठेवला, चाळिशी उलटल्यावर इब्री आणि ग्रीक ह्या दोन्ही भाषांचे अध्ययन हाती घेतले, आणि संपूर्ण बायबलाचे भाषांतर मुळावरून एकहाती करावयास घेतले. पांडित्याचा त्याग म्हणजे पांडित्य फेकून देणे नव्हे; ते सर्वांत खालच्या पायरीवर बसलेल्या माणसाच्या सेवेस लावणे होय, हे त्यांनी येथे दाखवून दिले.

ह्या कामाचा दुसरा अर्धा भाग छापखान्यात झाला, आणि त्याकडे इतिहासकारांचे लक्ष पुरेसे गेलेले नाही. छापखाना मुक्तीच्याच आवारात होता, आणि तो स्त्रियाच चालवीत. शिशाचे खिळे घरांतून उचलून ओळ जुळवावयाची, तीही उलटी वाचत. काना, मात्रा, वेलांटी, रफार ह्यांचे बारीक तुकडे जागच्या जागी बसवावयाचे. फर्मा आवळून यंत्रावर चढवावयाचा. पहिले मुद्रित उठले की ते बाईंकडे न्यावयाचे. त्यांनी केलेल्या दुरुस्त्यांसह ते परत आले की पुन्हा खिळे काढून पुन्हा जुळवावयाचे. आणि छापून झालेले कागद घडी घालून, शिवून बांधणीस द्यावयाचे. दुष्काळात आईबापांस पारख्या झालेल्या मुलींची बोटे हे करीत होती. देवनागरी जुळणी किती किचकट असते हे ज्यांनी जुन्या छापखान्यात काही काळ घालविला आहे त्यांस ठाऊक आहे. उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंतची सहासष्ट पुस्तके अशा रीतीने अक्षराअक्षराने उभी राहिली. हे भाषांतर मुळाला इतके चिकटून चालते की जागोजागी मराठी वाक्य अवघडून जाते, आणि सौष्ठवाच्या दृष्टीने त्यात उणिवा काढता येतील हे मान्य केले पाहिजे. पण एका हिंदी स्त्रीने मुळावरून केलेले आणि स्त्रियांनीच जुळवून, छापून, बांधून काढलेले संपूर्ण बायबल ही जी वस्तू आहे, तिचे मोल केवळ भाषेच्या तराजूत करू नये.

अखेरची वर्षे खडतर होती. कानांनी साथ सोडली होती, प्रकृती ढासळत चालली होती. १९१९ मध्ये सरकारने कैसर-ए-हिंद सुवर्णपदक दिले. आपल्यामागून संस्थेचा भार मनोरमा उचलील, ह्या भरवशावर बाई होत्या. २४ जुलै १९२१ रोजी मनोरमाबाईच निवर्तल्या. आरंभी विचारलेल्या प्रश्नातील शेवटची वस्तूही अशा रीतीने मागितली गेली. जिच्यासाठी आईने कधीही प्रार्थनेचे दार लावून घेतले नव्हते ती मुलगी गेल्यावर चौसष्टीच्या घरातील त्या वृद्धेने जे केले ते इतकेच की, मुद्रिते तपासण्याचे काम बंद पडू दिले नाही. आणखी दहा दिवस मिळाले तर उरलेली मुद्रिते पुरी होतील, अशी त्यांनी प्रार्थना केली आणि ती मान्य झाली, अशी आठवण संस्थेत पिढ्यानुपिढ्या सांगितली जाते. ५ एप्रिल १९२२ रोजी, झोपेतच, त्यांचे देहावसान झाले. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये मुक्तीच्या छापखान्यातून बाहेर पडले. ते बांधलेल्या स्वरूपात पाहणे त्यांच्या वाट्यास आले नाही.

संस्थापकाच्या मृत्यूनंतर मोडकळीस आलेल्या संस्थांची उदाहरणे आपल्याकडे थोडी नाहीत. मुक्ती त्यातून बचावली. ह्याचे श्रेय लिसा हेस्टी ह्यांच्यासारख्या, समुद्र ओलांडून येऊन केडगावच्या मातीत आयुष्य घालविणाऱ्या भगिनींना जितके आहे, तितकेच त्या असंख्य मराठी, गुजराती आणि कानडी स्त्रियांना आहे, ज्या येथे मुली म्हणून आल्या आणि सेविका होऊन राहिल्या. काळ पालटला, दुष्काळी छावण्यांतून पोरक्या मुली गाड्या भरभरून येण्याचे दिवस गेले, परंतु टाकून दिलेले तान्हे मूल, नवऱ्याने घराबाहेर काढलेली बाई, कोणी विचारीत नाही अशी म्हातारी आणि दृष्टिहीन मुलगी ही समाजातून नाहीशी झाली नाहीत, आणि म्हणून पंडिता रमाबाई मुक्ती मिशनचे दरवाजेही बंद झाले नाहीत. शाळा, दवाखाना, अंध भगिनींची सेवा आणि कुटुंबवजा घरांतून मुलांचे संगोपन हे काम चालू आहे. भारत सरकारने २६ ऑक्टोबर १९८९ रोजी पंडिताबाईंच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. ज्या पुण्याने एके काळी त्यांच्याकडे पाठ फिरविली होती, त्या पुण्यातही आज त्यांचे नाव आदराने घेतले जाते.

ह्या लेखात ज्यांची नावे आली ती मोजक्या माणसांची आहेत. ज्यांनी खिळे जुळविले, विहिरी खोदल्या, आजाऱ्यांच्या उशाशी रात्री जागून काढल्या, आणि १९०० च्या दुष्काळात अनोळखी प्रांतांत जाऊन मरणाच्या दारातील मुलींना हाताला धरून आणले, त्या शेकडो स्त्रियांपैकी फारच थोड्यांची नावे छापील इतिहासात उतरली आहेत; आणि त्यांच्या लेकी, सुना, नाती पुणे, सोलापूर आणि अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यांतील घराघरांत आज आहेत. वाचकांस आमची नम्र विनंती आहे की, आपल्या घरी मुक्तीच्या छापखान्यात छापलेले पवित्र शास्त्र, एखाद्या आजीने लिहिलेली साक्ष, एखादे पत्र किंवा छायाचित्र असेल, तर त्याची नोंद, त्या स्त्रीच्या पूर्ण नावासह, संस्थेकडे पाठवावी. आणि ज्यांच्याकडे कागद नसेल पण आठवण असेल, त्यांनी ती आठवण आजच कोणाकडून तरी लिहवून घ्यावी.